नव्या चेहऱ्याची गाडी आणि विक्रीचा आकडा

दर महिन्याच्या पहिल्या-दुसऱ्या तारखेला मोटार कंपन्या मागील महिन्याच्या विक्रीचे आकडे जाहीर करतात. दुसऱ्या दिवशी वर्तमानपत्रांत मथळे येतात. एका महिन्यात ‘विजेच्या गाड्यांची विक्री घसरली’, तर पुढच्याच महिन्यात ‘विजेच्या गाड्यांची मुसंडी’. तुर्भे, कोपरखैरणे, पनवेल, तळोजा या भागांत सीट कव्हर शिवणारे कारागीर, डेंटिंग-पेंटिंगवाले, ॲक्सेसरीजचे दुकानदार, जुन्या गाड्यांचा व्यवहार करणारे आणि सुट्या भागांचे व्यापारी यांत आपल्या बांधवांची संख्या मोठी आहे. हे मथळे वाचून त्यांतील अनेकजण माल भरायचा की हात आखडता घ्यायचा हे ठरवतात. आकडा वाचण्यात चूक झाली, तर ती दुकानाच्या फळीवर पडून राहिलेल्या मालाच्या रूपाने डोळ्यांसमोर राहते.

विक्रीच्या आकड्यात चढउतार होण्याची कारणे अनेक असतात. त्यांतील एक कारण व्यापाऱ्यांच्या फारसे लक्षात येत नाही. ते म्हणजे कंपनीने गाडीचे रूप बदलणे. या बदलामुळे आकडा कसा हलतो, किती दिवस हलतो आणि त्यावरून आपल्या धंद्याचा अंदाज कसा बांधावा, हे आम्ही या लेखात मांडत आहोत.

रूपबदलाचे दोन प्रकार

गाडीचा बदल दोन प्रकारचा असतो. पहिला प्रकार म्हणजे बाजारात ज्याला ‘फेसलिफ्ट’ म्हणतात तो. यात गाडीचा सांगाडा तोच राहतो. पुढचा-मागचा बंपर, जाळी, दिवे, डॅशबोर्ड, स्क्रीन, स्टिअरिंग अशा गोष्टी बदलतात. दुसऱ्या प्रकारात सांगाड्यापासून सगळी गाडी नव्याने घडवली जाते. नाव मात्र बहुतेक वेळा जुनेच ठेवतात. विजेच्या गाड्यांत याला आणखी एका बदलाची जोड असते, ती म्हणजे बॅटरीची. बाहेरून तीच दिसणारी गाडी आत मोठी बॅटरी घेऊन येते आणि एका चार्जिंगमध्ये अधिक अंतर धावते.

कोणत्याही प्रकारचा बदल असो, विक्रीच्या आकड्यावर त्याचा परिणाम तीन टप्प्यांत होतो. पहिला टप्पा नवी गाडी येण्यापूर्वीचा. नवे मॉडेल येणार ही बातमी फुटते आणि गिऱ्हाईक थांबते. दहा-पंधरा लाख रुपये मोजणारा माणूस दोन महिन्यांत जुनी ठरणारी गाडी कशाला घेईल? डीलरही कंपनीकडून जुना माल उचलत नाही. अंगणात उभ्या असलेल्या गाड्या तो सवलत देऊन काढतो. दुसरा टप्पा कारखान्यातला. नव्या बंपरचे साचे, नवी जोडणी, नवे सुटे भाग यांसाठी उत्पादनाची साखळी काही दिवस किंवा आठवडे थांबवावी लागते. मालच तयार होत नाही, तर विकणार काय? तिसरा टप्पा नवी गाडी आल्यानंतरचा. प्रत्येक शोरूममध्ये दाखवायला आणि चालवून बघायला गाड्या पाठवाव्या लागतात, थांबलेली गिऱ्हाइके परत येतात आणि आकडा एकदम उसळतो.

म्हणजे रूपबदलाच्या काळात आधी खड्डा आणि मग उंचवटा असे चित्र दिसते. जो फक्त खड्डा पाहतो तो घाबरतो, आणि जो फक्त उंचवटा पाहतो तो गरजेपेक्षा जास्त माल भरतो.

नेक्सॉनचे उदाहरण

याचे उत्तम उदाहरण आपल्या महाराष्ट्रातच आहे. पुणे जिल्ह्यातील रांजणगावच्या कारखान्यात तयार होणारी टाटा मोटर्सची नेक्सॉन पेट्रोल, डिझेल आणि वीज अशा तिन्हींवर मिळत असे. तिची विजेवरील आवृत्ती जानेवारी २०२० मध्ये बाजारात आली. सप्टेंबर २०२३ मध्ये कंपनीने या सर्व आवृत्त्यांचा चेहरामोहरा एकाच वेळी बदलला. नव्या विजेच्या नेक्सॉनची किंमत १४ सप्टेंबर २०२३ रोजी १४.७४ लाख रुपयांपासून जाहीर झाली.

आता आकडे पाहू. हे आकडे नेक्सॉनच्या सर्व आवृत्त्या मिळून आहेत. जुलै २०२३ मध्ये १२,३४९ नेक्सॉन विकल्या गेल्या. ऑगस्टमध्ये हा आकडा ८,०४९ वर आला. मागील वर्षीच्या ऑगस्टमध्ये तो १५,०८५ होता. एवढेच वाचणाऱ्याला वाटेल की गाडी बाजारातून उठली. पण सप्टेंबर २०२३ मध्ये आकडा १५,३२५ झाला, म्हणजे एका महिन्यात जवळजवळ ९० टक्के वाढ. हे वाचणाऱ्याला वाटेल की आता लोक या गाडीवर तुटून पडले आहेत.

दोन्ही समज घाईचे आहेत. सप्टेंबर २०२२ मध्ये याच गाडीचा आकडा १४,५१८ होता. वर्षाच्या तुलनेत पाहिले तर सप्टेंबरची वाढ जेमतेम साडेपाच टक्के भरते. ऑगस्ट आणि सप्टेंबर हे दोन महिने एकत्र धरले, तर २०२२ मध्ये २९,६०३ आणि २०२३ मध्ये २३,३७४ गाड्या, म्हणजे २१ टक्के घट. ऑक्टोबरही मिळवला तर चित्र पुन्हा बदलते. ऑक्टोबर २०२२ मध्ये १३,७६७ आणि ऑक्टोबर २०२३ मध्ये १६,८८७ गाड्या गेल्या. तीन महिन्यांची बेरीज अनुक्रमे ४३,३७० आणि ४०,२६१ होते. घट सात टक्क्यांवर आली. ऑगस्टचा खड्डा हळूहळू भरत होता, हे या बेरजेवरूनच कळते. एकट्या ऑगस्टवरून किंवा एकट्या सप्टेंबरवरून ते कळले नसते.

कारखान्याचा आकडा आणि नोंदणीचा आकडा

येथे एक गोष्ट समजून घेणे जरुरीचे आहे. कंपनी ज्याला विक्री म्हणते ती बहुतेक वेळा कारखान्यातून डीलरकडे रवाना झालेल्या गाड्यांची संख्या असते. ती गाडी गिऱ्हाइकाच्या घरी पोहोचली की नाही, हे त्या आकड्यातून कळत नाही. गाडी खरोखर विकली गेली याचा पुरावा म्हणजे आरटीओतील नोंदणी. ही नोंदणी सरकारच्या ‘वाहन’ या संगणकीय प्रणालीत जमा होते आणि तिच्या आधारे मोटार विक्रेत्यांची संघटना ‘फाडा’ दर महिन्याला किरकोळ विक्रीचे आकडे देते.

आपल्या किराणा व्यापाऱ्यांना हा फरक चटकन समजेल. एपीएमसीच्या घाऊक बाजारातून किती पोती उचलली गेली हा एक आकडा, आणि घरोघरी किती धान्य गेले हा दुसरा. घाऊक बाजारातील उचल वाढली म्हणून लोक जास्त जेवू लागले असे कोणी म्हणत नाही.

रूपबदलाच्या महिन्यात या दोन आकड्यांतील अंतर सर्वांत जास्त असते. जुने मॉडेल संपवताना कारखान्यातून रवानगी कमी होते, पण डीलरच्या अंगणातील जुन्या गाड्या सवलतीत विकल्या जात असल्याने नोंदणी तितकी घटत नाही. नवे मॉडेल आल्यावर उलट घडते. शोरूम भरण्यासाठी रवानगी वाढते, नोंदणी मात्र मागाहून वाढते. त्यात सणावारांचाही भाग असतो. २०२३ साली १९ सप्टेंबरला गणेश चतुर्थी होती. त्यानंतर महिनाअखेरीपासून पितृपक्ष लागला आणि दसरा २४ ऑक्टोबरला आला. पितृपक्षात हिंदू गिऱ्हाईक सहसा नवी गाडी घरी आणत नाही, पण डीलर दसरा-दिवाळीसाठी माल भरतच असतो. अशा वेळी फक्त कारखान्याचा आकडा पाहून माल मागवणे म्हणजे नुसता ढगांचा गडगडाट ऐकून पेरणी करण्यासारखे आहे.

नवी मुंबईतील बांधवांना तर आपल्याच भागाचा आकडा पाहता येतो. वाशी आरटीओचा क्रमांक ४३ आणि पनवेलचा ४६. ‘वाहन’च्या संकेतस्थळावर आरटीओनुसार, इंधनानुसार आणि कंपनीनुसार नोंदणी विनामूल्य दिसते. मॉडेलचे नाव तेथे मिळत नाही, परंतु वाशी-पनवेलमध्ये विजेच्या गाड्या वाढत आहेत की थबकल्या आहेत, एवढे त्यावरून स्पष्ट होते. आपले गिऱ्हाईक याच दोन कार्यालयांच्या हद्दीतले असल्याने देशाच्या मथळ्यापेक्षा हा आकडा आपल्या अधिक उपयोगाचा आहे.

विजेच्या गाड्यांतच हा परिणाम मोठा का?

पेट्रोलच्या गाड्यांतही मॉडेल बदलतात. मग विजेच्या गाड्यांत त्याचा एवढा गाजावाजा का होतो? याची दोन कारणे आहेत.

पहिले कारण असे की विजेच्या गाड्यांचा बाजार अजून मोजक्या मॉडेलांवर उभा आहे. २०२३ मध्ये भारतात विकल्या जाणाऱ्या विजेच्या मोटारींपैकी ७० टक्क्यांहून अधिक एकट्या टाटांच्या होत्या. जेथे बाजाराचा एवढा भार एका कंपनीच्या दोन-तीन मॉडेलांवर असतो, तेथे एका मॉडेलचा कारखाना आठ दिवस थांबला तरी देशाचा आकडा हलतो. पुढे सप्टेंबर २०२४ मध्ये एमजीची विंडसर आली. महिंद्राच्या चाकणमध्ये बनणाऱ्या दोन नव्या गाड्यांसाठी १४ फेब्रुवारी २०२५ रोजी पहिल्याच दिवशी ३०,१७९ बुकिंग झाली. २०२५ मध्ये टाटांचा वाटा चाळीस टक्क्यांच्या आसपास आला. गाड्यांचे प्रकार वाढतील तसा एका मॉडेलच्या बदलाचा धक्काही कमी होत जाईल.

दुसरे कारण बॅटरीचे. नेक्सॉनचेच पाहा. २०२० मध्ये ३०.२ युनिटची बॅटरी होती आणि कंपनीचा दावा ३१२ किलोमीटरचा होता. मे २०२२ मध्ये ४०.५ युनिटची आवृत्ती आली आणि दावा ४३७ वर गेला. सप्टेंबर २०२३ च्या रूपबदलानंतर तो ४६५ झाला. सप्टेंबर २०२४ मध्ये ४५ युनिटची बॅटरी आली आणि दावा ४८९ झाला. रस्त्यावर प्रत्यक्षात मिळणारे अंतर यापेक्षा कमीच असते, पण गिऱ्हाईक कागदावरचा आकडा पाहूनच तुलना करते. पाच वर्षांच्या आत इतका फरक पडल्यामुळे ‘आणखी सहा महिने थांबू’ हा विचार विजेच्या गाडीच्या गिऱ्हाइकात जास्त बळावतो.

नुसता चेहरा बदलून भागत नाही, हे निसानच्या लीफ या गाडीने दाखवून दिले. डिसेंबर २०१० पासून विकल्या जाणाऱ्या या गाडीचा अमेरिकेतील खप २०१४ मध्ये ३०,२०० होता. २०१७ मध्ये तो ११,२३० वर आला. त्या वर्षी गाडीचे रूप पूर्ण बदलले. २०१८ मध्ये खप वाढला, पण १४,७१५ पर्यंतच. कारण नवी लीफ सुमारे २४३ किलोमीटर चालत होती, तर शेव्हरोलेची बोल्ट त्याच बाजारात सुमारे ३८३ किलोमीटर चालत होती. गाडी नवी दिसत होती, परंतु गिऱ्हाइकाच्या मनातला प्रश्न जुनाच राहिला.

टेस्लाचे वर्ष

रूपबदल हे विक्री घटण्याचे खरे कारण आहे की केवळ सबब, हे ओळखायचे कसे? यासाठी टेस्ला कंपनीचे २०२५ हे वर्ष अभ्यासण्यासारखे आहे.

टेस्लाच्या मॉडेल वाय या सर्वाधिक खपाच्या गाडीचे रूप २०२५ च्या सुरुवातीला बदलले. अमेरिकेतील दोन आणि चीन व जर्मनीतील प्रत्येकी एक अशा चारही कारखान्यांत एकाच तिमाहीत साखळी बदलली गेली. जानेवारी ते मार्च २०२५ मध्ये टेस्लाने सर्व मॉडेल मिळून ३,३६,६८१ गाड्या दिल्या. मागील वर्षी याच तीन महिन्यांत ३,८६,८१० दिल्या होत्या. घट १३ टक्के. साखळी बदलण्यात अनेक आठवड्यांचे उत्पादन बुडाले, असे कंपनीने सांगितले. ते खरेही होते.

परंतु एप्रिल ते जून या तिमाहीत कारखाने नवी गाडी काढत होते. खड्डा भरून यायला हवा होता. प्रत्यक्षात ३,८४,१२२ गाड्या गेल्या, आणि मागील वर्षीचा आकडा ४,४३,९५६ होता. घट साडेतेरा टक्के, म्हणजे किंचित जास्तच. येथे रूपबदलाचे कारण संपले. कंपनीच्या मालकाच्या राजकारणामुळे युरोप-अमेरिकेत काही गिऱ्हाइके नाराज झाली होती आणि चिनी कंपन्यांची स्पर्धा वाढली होती. जुलै ते सप्टेंबरमध्ये आकडा ४,९७,०९९ वर उसळला. मात्र ३० सप्टेंबरला अमेरिकेतील साडेसात हजार डॉलरची करसवलत संपणार होती, म्हणून लोकांनी खरेदी आधीच उरकून घेतली होती. शेवटच्या तिमाहीत आकडा ४,१८,२२७ वर आला. संपूर्ण वर्षात १६,३६,१२९ गाड्या गेल्या. २०२४ च्या १७,८९,२२६ च्या तुलनेत ही साडेआठ टक्क्यांहून अधिक घट होती.

यातून एक साधा नियम निघतो. रूपबदलामुळे आलेला खड्डा नवी गाडी बाजारात आल्यावर एक-दोन तिमाहींत भरतो. तो भरला नाही तर कारण किंमत, बॅटरी, प्रतिस्पर्धी किंवा कर यांत शोधावे. आपल्याकडेही हेच लागू पडते. नव्या चेहऱ्याच्या विजेच्या नेक्सॉनची किंमत कंपनीने पाचच महिन्यांत, फेब्रुवारी २०२४ मध्ये, उतरवली. २२ सप्टेंबर २०२५ पासून लहान पेट्रोल गाड्यांवरील जीएसटी २८ वरून १८ टक्के झाला, तर विजेच्या गाड्यांवरील ५ टक्केच राहिला. म्हणजे दोहोंच्या किमतीतील फरक वाढला. उलट ऑगस्ट २०२५ मध्ये अटल सेतूवर विजेच्या मोटारींना टोलमाफी लागू झाली, तेव्हा उलवे-पनवेलहून मुंबईला रोज जाणाऱ्याला विजेच्या गाडीचे एक नवे कारण मिळाले. या गोष्टींचा गाडीच्या चेहऱ्याशी काही संबंध नाही, पण आकड्यात सगळे एकत्र मिसळून येते.

आपल्या दुकानासाठी काय?

समजा, तुर्भ्यातील एका दुकानदाराने जुलै २०२३ मध्ये नेक्सॉनची तयार सीट कव्हरे, दिव्यांच्या पट्ट्या आणि बंपरचे गार्ड यांचे शंभर संच उधारीवर भरले. सप्टेंबरमध्ये बंपर आणि दिवे बदलले. गार्ड आणि पट्ट्या नव्या गाडीला बसेनात. सीट कव्हरांचा प्रश्न तर याहून गंभीर आहे. जुन्या विजेच्या नेक्सॉनमध्ये दोन एअरबॅग होत्या. नव्या गाडीत सर्व आवृत्त्यांत सहा झाल्या. बाजूच्या एअरबॅग पुढच्या सीटच्या कडेतून उघडतात. तेथे जुन्या मापाचे बंद शिलाईचे कव्हर चढवले तर अपघाताच्या वेळी एअरबॅग अडकू शकते. हा तोट्याचा नव्हे, माणसाच्या जिवाचा प्रश्न आहे. म्हणून गाडी कोणत्या महिन्यात बनलेली आहे हे विचारल्याशिवाय कव्हर चढवू नये, आणि एअरबॅगच्या जागी उघडी किंवा सहज उसवणारी शिलाई ठेवावी.

यावरून पुढील गोष्टी ध्यानात ठेवाव्यात असे आम्हास वाटते.

एक, माल गाडीच्या नावाने न भरता नाव आणि बनावटीचा महिना-साल यांनुसार भरावा. खोक्यावर तसे लिहून ठेवावे.

दोन, जो भाग रूपबदलात हमखास बदलतो तो थोडा-थोडा मागवावा. बंपर, जाळी, दिवे आणि स्क्रीन यांच्याशी संबंधित माल यात मोडतो. कापड आणि रेक्झिनचे गठ्ठे मात्र कोणत्याही मॉडेलला चालतात. तयार कव्हर विकणाऱ्यापेक्षा मापाने शिवून देणारा कारागीर या बाबतीत सुरक्षित आहे.

तीन, जुने मॉडेल बंद झाले म्हणून त्याचे काम बंद होत नाही. जून २०२३ पर्यंत विजेच्या ५० हजार नेक्सॉन विकल्या गेल्या होत्या, आणि त्या सगळ्या जुन्या चेहऱ्याच्या आहेत. गाडी जुनी होईल तसे तिचे बंपर, दिवे, पत्रा यांचे काम वाढत जाईल. मात्र नारिंगी रंगाच्या जाड तारांना प्रशिक्षण घेतल्याशिवाय हात लावू नये, आणि रंगकामानंतर गाडी भट्टीत तापवण्यापूर्वी कंपनीने घालून दिलेली तापमानाची मर्यादा पाहावी.

चार, जुन्या गाड्यांचा व्यवहार करणाऱ्यांनी नवे मॉडेल येण्याच्या तोंडावर जुने मॉडेल चढ्या भावाने घेऊ नये. नव्या गाडीची किंमत जाहीर होताच जुनीचा भाव उतरतो. शिवाय डिसेंबर २०२४ मध्ये जीएसटी परिषदेने ठरवल्याप्रमाणे नोंदणीकृत व्यापाऱ्याला जुन्या विजेच्या गाडीवरील नफ्याच्या रकमेवर १८ टक्के कर पडतो. खरेदीचा भाव ठरवताना हे गणित आधीच करावे.

पाच, कोणत्याही एका महिन्याच्या आकड्यावर निर्णय घेऊ नये. किमान तीन महिन्यांची बेरीज करून ती मागील वर्षीच्या त्याच तीन महिन्यांशी ताडून पाहावी. कागद, पेन्सिल आणि दहा मिनिटे एवढेच त्यासाठी लागते.

मोटार कंपनीपाशी खड्ड्याचे दोन महिने सोसण्याइतके भांडवल असते. नवी गाडी चालली की तिचा तोटा भरून निघतो. आपल्या लहान दुकानदाराने उधारीवर भरलेला जुन्या मापाचा माल मात्र नवी गाडी कितीही खपली तरी उठत नाही. त्या तोट्याला कोणी सवलत जाहीर करत नाही. म्हणून पुढच्या महिन्याच्या एक तारखेला मथळा वाचताना आधी दोन प्रश्न विचारावेत: हा आकडा कारखान्याचा आहे की नोंदणीचा, आणि या गाडीचा चेहरा नुकताच बदलला आहे काय? त्यांची उत्तरे मिळेपर्यंत मालाची ऑर्डर थांबवली तर फार काही बिघडत नाही.